शब्दचर्चा: ‘डे स्कूल’ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरवाला
मंडळी, एका शाळेच्या इतिहासाचं मराठी करायला घेतलंय आणि पहिल्याच ओळीत गाडी अडलीय. शाळेचं वर्णन ‘कॅथलिक बॉईज डे स्कूल’ असं आहे. शब्दाला शब्द ठेवला तर ‘कॅथलिक मुलांची दिवसशाळा’. पण यात कॅथलिक कोण, शाळा की मुलं? मुलं म्हणजे फक्त मुलगे, की सगळीच पोरं? आणि ‘दिवसशाळा’ वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर काय उभं राहील? पुढे रेक्टर, प्रीफेक्ट, ब्रदर अशी रांगच लागली आहे. सुचवा.

चौकस
‘दिवसशाळा’ नकोच. मराठीत दिवसाच्या शाळेच्या समोर रात्रशाळा उभी असते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. पुढे मुंबईत गिरणीत दिवसपाळी करून रात्री शिकणारी पिढीच्या पिढी झाली. त्यामुळे ‘दिवसशाळा’ म्हटलं की वाचक घड्याळाकडे बघणार. इंग्रजीतल्या त्या ‘डे’ला रात्रीचं काही देणंघेणं नाही. शाळा सुटली की पोरगा घरी जातो, तिथे राहत नाही, एवढंच त्याला सांगायचंय.

खवचट
मग ‘अनिवासी शाळा’ म्हणा. सरकारी कागदांत निवासी-अनिवासी ही जोडी चालतेच. फक्त वाचकाला वाटेल की शाळा न्यू जर्सीत राहते आणि डिसेंबरात आईवडिलांना भेटायला येते.

भाषांतरवाला
हा हा. ‘बोर्डिंग नसलेली शाळा’ कसं वाटतं?

कोल्हापूरकर
थांबा, ‘बोर्डिंग’ हा शब्द मराठीत आला तो वेगळा अर्थ घेऊन आला. आमच्याकडे बोर्डिंग म्हणजे शाळा नव्हेच. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचं मिस क्लार्क अशी एकेक बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातून आलेल्या पोराने बोर्डिंगात राहायचं, जेवायचं आणि शिकायला गावातल्या शाळेत जायचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये काढलं तेही बोर्डिंगच. त्याला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव मिळालं.

म्हणजे बघा, इंग्रजांचा ‘बोर्डर’ शाळेच्याच आवारात झोपतो. आमचा बोर्डिंगातला पोरगा रोज सकाळी दुसऱ्या आवारातल्या शाळेत चालत जातो. इंग्रजी हिशेबाने तो त्या शाळेचा ‘डे बॉय’च ठरेल! ‘बोर्डिंग नसलेली शाळा’ असं लिहिलंत तर आमच्या भागातला वाचक विचारेल, अहो, शाळेला बोर्डिंग असतं कुठे? बोर्डिंग जातीचं, समाजाचं, संस्थेचं असतं.

मुळात ‘बोर्ड’ म्हणजे फळी, त्यावरून जेवणाचं मेज आणि त्यावरून जेवण. म्हणजे पोराच्या पोटापाण्याची सोय करणारा तो बोर्डिंगवाला. त्या अर्थाने आमचंच बोर्डिंग मूळ शब्दाला जास्त धरून आहे. वारावर जेवणाऱ्या गरीब विद्यार्थ्याचा प्रश्न ज्याने सोडवला ती ही संस्था.

चौकस
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. ‘डे स्कॉलर’चीही गंमत तशीच. मराठीत स्कॉलर म्हणजे हुशार, पहिल्या बाकावरचा. ‘तो स्कॉलर आहे’ म्हटलं की त्याने स्कॉलरशिप मारलेली असणार. ‘डे स्कॉलर’मधला स्कॉलर मात्र साधा विद्यार्थी आहे, मग तो नापास झालेला का असेना. पुस्तकात ‘शंभर डे स्कॉलर’ असं आलं तर ‘शंभर हुशार मुलं’ करून मोकळे होऊ नका.

इंग्रजी माध्यम
एवढा काथ्याकूट कशाला? ‘कॉन्व्हेंट’ लिहा. वाचणाऱ्याला लगेच कळतं.

वसईकर
कळतं, पण चुकीचं कळतं. कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टर राहतात ती जागा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एकत्र येणं, जमणं. पूर्वी काही संघांच्या पुरुष व्रतस्थांच्या मठालाही कॉन्व्हेंट म्हणत, पण आज कुणी म्हणालं ‘कॉन्व्हेंटमध्ये जाऊन येते’ तर ती सिस्टरना भेटायला गेली असंच आम्ही समजतो. सिस्टरांनी आपल्या मठालगत मुलींच्या शाळा काढल्या, त्या कॉन्व्हेंट स्कूल. मुलग्यांची शाळा जेझुइट (कॅथलिकांमधला एक पुरुष व्रतस्थांचा संघ) फादर चालवत असतील तर तिथे कॉन्व्हेंट कुठून आणणार?

इंग्रजी माध्यम
अहो पण भाषा बोलणाऱ्यांची असते ना? लग्नाच्या जाहिरातीत ‘कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली’ असं येतं तेव्हा सिस्टर कुणाला अपेक्षित असतात? तालुक्याच्या गावी कुणा पाटलांनी काढलेल्या शाळेच्या पाटीवरही ‘कॉन्व्हेंट’ असतं. मराठीत त्याचा अर्थ झाला ‘टाय घालून इंग्रजीत शिकवणारी शाळा’. बास.

चौकस
तुमचा मुद्दा बोलण्यापुरता सोळा आणे खरा. मराठी कोशात ‘कॉन्व्हेंट: इंग्रजी माध्यमाची (बहुधा खाजगी) शाळा’ असा अर्थ द्यायलाच हवा, असं माझं मत. पण इथे पुस्तक त्या शाळेच्या इतिहासाचं आहे. शाळा कुणी काढली, कुणी चालवली, हाच विषय. तिथे फादरांच्या शाळेला कॉन्व्हेंट म्हणणं म्हणजे तालमीला माजघर म्हणण्यासारखं.

‘मिशनरी शाळा’ हाही शब्द सैल आहे. मराठी कानाला मिशन म्हटलं की आधी आठवतात ते प्रॉटेस्टंट लोक: स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन, अहमदनगरचं अमेरिकन मराठी मिशन. कॅथलिक शाळांची परंपरा वेगळी. मुंबईतलंच बघा. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ ची, माझगावची सेंट मेरीज १८६४ ची, धोबीतलावची सेंट झेवियर्स १८६९ ची. पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स १८६७ ची. या चारही जेझुइटांच्या. त्यातली वांद्र्याची तर अनाथ मुलग्यांच्या आश्रमातून वाढलेली, म्हणजे तिथे राहणं आधी आणि बाहेरून येणारे विद्यार्थी नंतर. अशा शाळेच्या इतिहासात ‘डे’ हा शब्द कोणत्या साली शिरतो हे बघण्यासारखं असतं.

भाषांतरवाला
माझ्या पुस्तकात उलट आहे. शाळा पहिल्यापासून ‘डे’ आणि त्याचा लेखकाला अभिमान आहे. ते मराठीत कसं पोहोचवू?

चौकस
अभिमानाला कारण आहे. जेझुइटांनी बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी पहिली शाळा काढली ती १५४८ मध्ये, सिसिलीतल्या मेसिना शहरात. शहराने पैसा दिला, मुलांकडून फी नाही. संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा दंडकच होता की शिकवण्याचा मोबदला घ्यायचा नाही. शहरातली मुलं घरून यायची, घरी जायची. १७७३ मध्ये पोपने हा संघच बरखास्त केला आणि १८१४ मध्ये पुन्हा उभा केला. मधल्या काळात जुन्या देणग्या, जमिनी, इमारती गेल्या. मग १८३३ मध्ये फी घेण्याची परवानगी रोमकडून मिळवावी लागली. राहण्याजेवण्याचे पैसे घ्यायला आडकाठी नव्हती, अडचण होती ती नुसतं शिकवण्याचे पैसे घेण्याची. म्हणजे ही परवानगी खऱ्या अर्थाने डे स्कूलला लागली.

आणि आयर्लंडमधलं एक उदाहरण देतो, त्यात सगळं येतं. क्लाँगोज वूड ही जेझुइटांची १८१४ ची निवासी शाळा, खेड्यात, पैसेवाल्यांची. बेल्व्हेडिअर कॉलेज हे त्याच जेझुइटांचं, डब्लिन शहरात, १८३२ मध्ये सुरू झालेलं, घरून येणाऱ्या मुलग्यांचं. आयरिश लेखक जेम्स जॉइस आधी क्लाँगोजला होता. बापाची घडी विस्कटली तशी शाळा सुटली आणि १८९३ मध्ये तो बेल्व्हेडिअरला आला, तेही फी माफ होऊन. फादर त्याच संघाचे आणि शिकवणंही त्याच वळणाचं. फरक एवढाच की संध्याकाळी पोरगा आपल्या घरच्या भांडणात परत जायचा. तुमच्या लेखकाच्या ‘डे’मध्ये हे सगळं असणार: शहर, मध्यमवर्ग, परवडणारी फी आणि घरी जाणारं पोर.

जुना बाक
जेझुइट शाळेत शिकलो, म्हणून दोन शब्दांबद्दल सांगतो. त्यांत भलेभले फसतात.

रेक्टर: मराठीत रेक्टर म्हणजे होस्टेलचा रेक्टर, रात्री दहाला दिवे घालवणारा. जेझुइटांचा रेक्टर म्हणजे तिथल्या सगळ्या फादर-ब्रदरांचा वरिष्ठ. शाळा त्याच्या हाताखाली, पण मुख्याध्यापक दुसराच कुणी असू शकतो. तुमच्या शाळेला वसतिगृहच नाही आणि पहिल्या पानावर ‘रेक्टर’ आले की वाचक गोंधळणार. ‘संघाचे स्थानिक प्रमुख (रेक्टर)’ असं एकदा लिहा आणि मग रेक्टरच चालू ठेवा.

प्रीफेक्ट: आपल्याकडे प्रीफेक्ट म्हणजे छातीला बिल्ला लावून रांग सरळ करणारा दहावीतला मुलगा. जुन्या जेझुइट शाळेत ‘प्रीफेक्ट ऑफ स्टडीज’ हा अख्खा फादर असायचा. कोणत्या वर्गात काय शिकवायचं, परीक्षा कशा घ्यायच्या, मास्तर नीट शिकवतात का, हे सगळं त्याच्याकडे. १५९९ साली त्यांनी ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ नावाची जी शिक्षणाची नियमावली पक्की केली, तिच्यात या पदाचे नियम सविस्तर आहेत. ‘अभ्यासप्रमुख’ चालेल. ‘अभ्यासू मॉनिटर’ नको!

आणि इतिहासात जुन्या वह्यांचे फोटो असतील तर पानाच्या माथ्यावर ‘ए. एम. डी. जी.’ दिसेल, निबंधाच्या शेवटी ‘एल. डी. एस.’. ती मुलाच्या नावाची आद्याक्षरं नव्हेत. पहिलं ‘आद मायोरेम देइ ग्लोरिआम’, म्हणजे देवाच्या अधिक मोठ्या गौरवासाठी. दुसरं ‘लाउस देओ सेंपेर’, देवाची सदैव स्तुती असो. आपल्याकडे पानावर ‘श्री’ काढून सुरुवात करतात, तेच. गणित चुकलं तरी वर ए. एम. डी. जी. असायचंच.

भाषांतरवाला
मॉनिटरचं नशीब थोर. आणि ‘ब्रदर’? इथे शाळा काढणारे फादर आहेत, पण मधली काही वर्षं शेजारच्या ब्रदरांच्या शाळेशी चुरस होती. ‘धर्मबंधू’ लिहू का?

वसईकर
नको. धर्मभगिनी आमच्या लिखाणात रुळलाय, पण धर्मबंधू म्हटलं की मराठीत ‘आपल्या धर्माचा माणूस’. सभेत ‘धर्मबंधूंनो’ म्हणतात ना? ब्रदरच ठेवा. फक्त एकदा समजावून सांगा की ब्रदर व्रतं घेतो, लग्न करत नाही, संघात राहतो, पण त्याला गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरूपदाची दीक्षा, नसते. तो मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करत नाही. ब्रदरांचेच वेगळे संघ आहेत: फ्रान्समध्ये द ला साल यांचा, आयर्लंडमध्ये एडमंड राइस यांनी १८०२ मध्ये वॉटरफर्डला सुरू केलेला ख्रिश्चन ब्रदर्सचा. ते मुख्यतः शिकवण्यासाठीच निघाले आणि राइस यांचा भर गरिबांच्या मुलांवर होता. तुमच्या चुरशीत हा वर्गाचा भाग असेल तर ‘फादर’ आणि ‘ब्रदर’ यांत गल्लत होऊन चालणार नाही.

फादरसाठी निवेदनात ‘धर्मगुरू’, नावाआधी ‘फादर’. ‘पाद्री’ पोर्तुगीजांकडून आलेला जुना शब्द आहे, त्याचाही अर्थ बाप असाच, पण आज मराठीत त्याला थोडा तुच्छतेचा वास लागलाय. जुन्या माणसाच्या तोंडी असेल तरच वापरा. जेझुइटांना आम्ही ‘येशूसंघीय’ म्हणतो. ‘ऑर्डर’ला ‘पंथ’ लिहू नका, पंथ म्हणजे कॅथलिक, प्रॉटेस्टंट. ऑर्डर म्हणजे ‘व्रतस्थ संघ’. आणि क्रियापद आदरार्थी ठेवा. ‘फादर आला’ असं आमच्या घरात कुणी म्हणालं तर आजी पाठीत धपाटा घालायची.

खवचट
‘मुलांची’चं राहिलंच की.

चौकस
तिथे ‘मुलग्यांची’ लिहा. ‘मुलांची शाळा क्र. १’ अशी पाटी असली तर समोर ‘मुलींची शाळा’ गृहीत असते, पण एकट्या वाक्यात ‘मुलांची’ म्हणजे बालकांचीही होते. आणि ‘कॅथलिक’ शाळेला चिकटवा, मुलग्यांना नाही. इतर धर्मांची मुलं तिथे शिकली असतील तर ‘कॅथलिक मुलांची शाळा’ हे सरळ असत्य ठरेल. माझा मसुदा: ‘मुलग्यांसाठीची ही कॅथलिक शाळा, वसतिगृह नाही, सगळे विद्यार्थी घरून येऊन-जाऊन शिकणारे.’ पहिल्यांदा एवढं ऐसपैस, नंतर नुसतं ‘शाळा’. जिथे निवासी शाळेशी तुलना असेल तिथेच ‘डे स्कूल’.

कोल्हापूरकर
‘येऊन-जाऊन’ला अनुमोदन. आमच्याकडे ‘जाऊन-येऊन करतो’ म्हटलं की रूम घेतलेली नाही हे आपोआप कळतं. एसटीचा पास काढणाऱ्या पोरांचा शब्द आहे तो.

भाषांतरवाला
‘घरून येऊन-जाऊन’ उचलला. शेवटचं एक: यात वर्गांची नावं एलिमेंट्स, फिगर्स, रुडिमेंट्स, ग्रामर, सिंटॅक्स, पोएट्री, रेटरिक अशी आहेत. पाचवी, सहावी असं करून टाकू?

जुना बाक
करू नका. ते विषय नाहीत, वर्गच आहेत. इंग्लंडमधल्या स्टोनीहर्स्ट या जेझुइट शाळेतही हीच नावं. मुलगा ‘सिंटॅक्समध्ये आहे’ म्हणजे त्या वर्गात आहे, आणि रेटरिक हा वरचा. आकडा घातलात की आपली इयत्ता, आपलं वय, आपली बोर्डाची परीक्षा चिकटते. ‘व्याकरणाचा वर्ग’, ‘काव्याचा वर्ग’, ‘वक्तृत्वाचा वर्ग’ असं चालेल. सिंटॅक्सला मात्र ‘वाक्यरचनेचा वर्ग’ लिहून बघा आणि कानाला कसं लागतं ते सांगा. फिगर्सबद्दल मी अजून विचार करतोय. ‘आकृत्यांचा’ नक्कीच नव्हे.