मदत हवी आहे: इंदापूर तालुक्यातल्या शेतकरी घराण्याची वंशावळ, 1836 ते 1881

1872 आणि 1881 च्या जनगणनेच्या छापील अहवालांत नुसते आकडे आहेत, खातेदारांची नावं नाहीत. म्हणून सगळी भिस्त जमिनीच्या कागदांवर. इंदापूरची पहिली जमाबंदी (जमीन मोजून सारा ठरवणं) 1836 ची, फेरजमाबंदी 1867 ची. मोडी कागदांत आडनाव क्वचितच. 'राणू बिन बाळोजी' (बाळोजीचा मुलगा राणू) एवढंच. त्याच नावाचे दोघे गावात निघाले की वंशावळ भलत्याच घरात शिरते. अशा वेळी चतुःसीमा (शेताच्या चारही बाजूंच्या हद्दी) आणि लगतचे खातेदार जुळवणंच भरवशाचं, कारण सर्व्हे नंबर मधे बदललेला असू शकतो.

जुना-नवा नंबर जुळवणारा कागद कुठे मागावा, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात की पुणे पुरालेखागारात? आणि 1875 च्या सावकारविरोधी दंग्यांच्या आसपासचे 'ज्ञानप्रकाश' या वर्तमानपत्राचे अंक कुणी चाळलेत का? त्यातल्या जप्ती-लिलावाच्या नोटिसांत ऋणकोच्या (कर्जदाराच्या) बापाचं नाव येतं का, हे कळलं तरी मोठी मदत होईल.