अनुभव धागा: जेवण हाताबाहेर का जातं आणि वाढणी आवरायची कशी

आहारसल्ला, मोठं स्वयंपाकघर, समुपदेशन, मधुमेहाचे रुग्ण अशा कामांत असणाऱ्यांनी इथे लिहावं. 'मनावर ताबा ठेवा' हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला आहे, तो सोडून लिहा. नेमकी कृती, प्रमाण आणि ती कुठे फसते, एवढंच हवं.

आहारतज्ज्ञ

पोट भरल्याची खबर मेंदूला दोन वाटांनी जाते. जठर ताणलं की व्हेगस नर्व्हमधून (पोटापासून मेंदूपर्यंत जाणारी नस) लगेच संदेश निघतो. दुसरी वाट संथ आहे: अन्न आतड्यात उतरल्यावर सीसीके, जीएलपी-१, पीवायवाय ही पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं (हार्मोन्स) सुटतात. ढोबळ मानाने याला वीसेक मिनिटं धरतात. ताट दहा मिनिटांत संपलं, तर दुसऱ्या वाढणीचा निर्णय अर्धवट माहितीवर होतो. म्हणून पहिली वाढणी संपली की दहा मिनिटं थांबा आणि मग ठरवा. भांडी समोरच असतील तर हे थांबणं टिकत नाही. ताट ओट्यापाशी वाढून घ्यायचं आणि भांडी तिथेच ठेवायची. दुसऱ्यांदा घ्यायला उठावं लागतं, इतका अडथळाही बहुतेकांना पुरतो.

दुसरी गोष्ट, जठराचा ताण आकारमानावर अवलंबून असतो, कॅलरींवर नाही. 1 ग्रॅम तेलात 9 कॅलरी, तेवढ्याच पिष्टात किंवा प्रथिनात 4. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण 120 कॅलरी. तेवढ्याच कॅलरींची काकडी पाऊण किलोहून जास्त भरेल. त्यामुळे ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा, पाव प्रथिनांचा, पाव धान्याचा. इथे हमखास होणारी गफलत म्हणजे बटाटा भाजीच्या अर्ध्यात मोजणं. तो धान्याच्या पावात जातो. जेवणाआधी पातळ सूप घेतल्याचा उपयोग होतो, कारण अन्नातलं पाणी पोटात जास्त वेळ राहतं. नुसतं प्यायलेलं पाणी लवकर पुढे सरकतं.

स्वयंपाक आणि मोजमाप

अंदाज सर्वात जास्त चुकतो तो तेलाचा. ओतलेलं तेल मोजायची सोपी युक्ती: बाटली डिजिटल काट्यावर ठेवा, शून्य करा, उचलून कढईत तेल ओता, बाटली परत काट्यावर ठेवा. उणे दिसणारा आकडा म्हणजे वापरलेले ग्रॅम. चमचे खरकटे करावे लागत नाहीत आणि थेंबभरही हिशेबातून सुटत नाही.

दुसरी मोठी चूक कच्च्या आणि शिजलेल्या वजनाची. 100 ग्रॅम तांदळात साधारण 350 कॅलरी असतात आणि त्याचा भात 250 ते 300 ग्रॅम होतो. काट्यावर भात ठेवून कच्च्या तांदळाचा आकडा लावला, तर हिशेब अडीच-तीन पट फुगतो. उलट केलं तर तितकाच आटतो. वहीत प्रत्येक नोंदीपुढे 'कच्चं' किंवा 'शिजलेलं' लिहायलाच हवं.

काटा आयुष्यभर वापरायची गरज नाही. आपल्याच घरातला एक डाव ठरवा, सपाट भरून किती ग्रॅम येतं ते मोजा, मग शीग लावून मोजा. दोन्हींतला फरक एकदा आकड्यात पाहिला की पुढे डोळा तयार होतो. डाव बदलला तर मात्र पुन्हा मोजायचं. बदामासारख्या गोष्टी पाकिटातून खायच्याच नाहीत: 30 ग्रॅम, म्हणजे साधारण 23 बदाम, वाटीत काढायचे आणि पाकीट बंद करून कपाटात ठेवायचं.

संशोधन वाचणारे

'लहान ताट घ्या' हा सल्ला जपून वापरावा. हा विषय लोकप्रिय करणारे ब्रायन वॅन्सिंक यांचे बरेच शोधनिबंध मागे घेतले गेले, आणि ताटाच्या आकाराबद्दलचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पक्कं आहे ते हे: समोर जास्त वाढलं की माणसं जास्त खातात. तेव्हा ताट कुठलंही असो, वाढणी कमी करा.

अन्न कोणतं, यानेही मोठा फरक पडतो. संशोधक केव्हिन हॉल यांच्या 2019 च्या प्रयोगात 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (कारखान्यात तयार होणारं) आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तितकं दिलं. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या अन्नातल्या कॅलरी, साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू सारखेच राखले होते. प्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती, आणि खाण्याचा वेगही जास्त होता. मऊ, न चावता उतरणारा पदार्थ असेल तर वाढणी पहिल्यापासूनच कमी घ्या.

बुफे

एकाच चवीचा कंटाळा येतो, नवी चव समोर आली की भूक परत जागी होते. पोट भरल्यावरही गोड खाता येतं ते याचमुळे. आधी रिकाम्या हाताने सगळं पाहून या, तीन पदार्थ ठरवा, मग ताट उचला.

समुपदेशक

वरचं सगळं मान्य, पण ते सगळ्यांसाठी नाही. अमेरिकेतल्या 1944-45 च्या मिनेसोटा प्रयोगात 36 पुरुषांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. नंतर मोकळीक मिळाल्यावर त्यांतल्या कित्येकांना पोट भरूनही समाधान वाटेना. सकाळ-दुपार उपाशी राहून रात्री तुटून पडणं हे त्याचंच छोटं रूप. अशा वेळी रात्रीचं ताट कापू नका, दुपारचं जेवण नीट करा. थांबताच येत नाही असं खाणं आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने सुरू असेल, तर तो उपचार लागणारा आजार असू शकतो. तिथे काटा आणि वही त्रास वाढवू शकतात. आधी डॉक्टरांना भेटा.

मधुमेह विभाग

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असताना धान्य एकदम निम्म्यावर आणू नका. डोस तोच राहिला तर साखर 70 च्या खाली घसरू शकते. वाढणी किती कमी करणार ते आधी डॉक्टरांना सांगा, डोस ठरवून घ्या आणि पहिले काही दिवस जास्त वेळा साखर तपासा.

एक भर

उरलेलं अन्न जेवण झाल्यावर डब्यात भरलं, तर भरताना दोन-चार घास तोंडात जातातच. जेवायला बसण्याआधीच उथळ डब्यांत एकेका माणसापुरतं भरा, वाफ गेली की झाकण लावा, आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा.