वाचनालयाच्या हॉलमध्ये दिवसा प्रोजेक्टर : पडदा राखाडी रंगवावा की चंदेरी?

खणभागकर
सांगलीत विश्रामबागला वाचनालयाचा हॉल आहे, ३० बाय २० फूट. प्रोजेक्टर ३३०० ल्युमेनचा, समोरच्या भिंतीपासून १६ फुटांवर छताला टांगलेला. चित्र १० फूट रुंद, ५.६ फूट उंच, सध्या पांढऱ्या भिंतीवरच पडतं. सकाळच्या कार्यक्रमाला पूर्वेच्या खिडक्यांमुळे चित्र अगदी फिकं पडतं, काळे केस राखाडी दिसतात. पहिली रांग १० फुटांवर, १६ फूट लांब. तयार पडदा परवडणारा नाही. प्लायवर रंग द्यायचा तर कोणता, आणि काय किती मिसळायचं?

कृष्णाकाठ
रंगाआधी उजेड मोजा. प्रोजेक्टर बंद करून लक्स मीटर भिंतीला टेकवा, तोंड हॉलकडे. तुमचा प्रोजेक्टर प्रत्यक्षात २४०० ल्युमेन देतो असं धरू. चित्राचं क्षेत्रफळ ५.२ चौरस मीटर, म्हणजे पांढऱ्या भागावर साधारण ४६० लक्स (दर चौरस मीटरला इतके ल्युमेन). खिडक्यांचा उजेड १५० लक्स असेल तर पांढरं ६१० आणि काळं १५०, कॉन्ट्रास्ट जेमतेम ४:१. तोच उजेड जाड पडद्यांनी १५ लक्सवर आणलात तर ३२:१. इतका फरक कुठलाही रंग देणार नाही.

राखाडी रंगाबद्दल मोठा गैरसमज आहे. साधा मॅट राखाडी प्रोजेक्टरचा प्रकाश जितका शोषतो तितकाच खिडकीचाही शोषतो. गुणोत्तर तेच राहतं, चित्र मात्र अंधारतं. त्याचा फायदा होतो तो अंधाऱ्या खोलीत, पडद्यावरून पांढऱ्या भिंतींवर जाऊन परत येणारा प्रकाश कमी होतो म्हणून. तेव्हा पडद्याजवळच्या बाजूच्या भिंती आणि छताचा ४-५ फुटांचा पट्टा गडद मॅट करून घ्या.

मिरजवाला
कृष्णाकाठ यांच्याशी सहमत. चंदेरीत गुणोत्तर खरंच सुधारतं, कारण तो प्रकाश आरशासारखा ठरावीक दिशेला जास्त परतवतो. बाजूच्या खिडकीचा उजेड बराचसा खिडकीसमोरच्या बाजूच्या भिंतीकडे निघून जातो, प्रोजेक्टरचा प्रेक्षकांकडे येतो.

पण तुमच्या मापात एक अडचण आहे. पहिल्या रांगेत डाव्या टोकाला, मध्यापासून ८ फुटांवर बसलेला माणूस घ्या. चित्राच्या डाव्या कडेवरून परतणारा किरण जवळजवळ थेट त्याच्या डोळ्यात येतो, उजव्या कडेचा मात्र त्याच्यापासून ६५-७० अंश दूर जातो. त्याला डावी कड चकाकेल, उजवी काळवंडेल. म्हणून गेन (मॅट पांढऱ्या पडद्याच्या किती पट उजळ दिसतं ते) १.२-१.३ च्या वर नेऊ नका, आणि पहिल्या रांगेच्या टोकाच्या दोन-दोन खुर्च्या काढा.

खणभागकर
धन्यवाद. काचेचे बारीक मणी टाकलेला रंग कसा राहील? आणि चंदेरीचं प्रमाण?

मिरजवाला
मणी नकोत. ते प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात. तुमचा प्रोजेक्टर छताला, म्हणजे उजेड छताकडेच जाईल. प्रोजेक्टर प्रेक्षकांच्या डोक्यालगत असेल तरच मणी कामाचे.

पांढरं मॅट इमल्शन ४ भाग, पाण्यावरचा तयार मेटॅलिक सिल्व्हर १ भाग. ३ पातळ हातांना दीड लिटर पुरेल : १.२ लिटर पांढरं, ३०० मिली सिल्व्हर. सगळं एकदमच कालवा, दुसऱ्यांदा कालवलं की छटा बदलते. सुटी अ‍ॅल्युमिनियम पावडर इमल्शनमध्ये अजिबात टाकू नका. पाण्याशी तिची प्रक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, झाकण लावलेला डबा फुगून फुटू शकतो.

आधी फूटभर तुकड्यांवर ३:१, ४:१, ६:१ असे नमुने करा. शेजारी नुसत्या पांढऱ्या इमल्शनचा तुकडा लावून चारही चित्रात धरा आणि टोकाच्या खुर्चीवरून बघा.

कृष्णाकाठ
प्लायचे तीन पत्रे लागतील, म्हणजे दोन जोड, आणि चंदेरीत जोड लपत नाही. भिंत कोरडी असेल तर भिंतच घ्या. पुट्टी मारून २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. मग दिवे घालवून बॅटरी भिंतीला टेकवून तिरका झोत टाका, बारीकसा खळगाही सावलीने दिसतो. तो आत्ताच भरा.

ब्रशने चंदेरी मारू नका. धातूचे कण ब्रशच्या दिशेने आडवे होतात आणि पट्टे उमटतात. स्प्रे गन उत्तम. नसेल तर बारीक केसाचा रोलर, शेवटचा फिरवा सगळीकडे वरून खाली, आणि कड ओली असतानाच पुढचा पट्टा जोडा. अर्ध्यात थांबून वाळलेल्यावर परत रोलर फिरवलात तर तो डाग प्रत्येक उजळ दृश्यात दिसेल. पावसाळ्यात नदीकाठच्या दमट हवेत दोन हातांमध्ये पूर्ण दिवस जाऊ द्या. शेवटी चारही बाजूंनी ३ इंच काळ्या मखमलीची पट्टी लावा.