विमानात घूंऽऽ आवाज नको, तानपुरा हवा, बजेट ७ हजार : कोणता हेडफोन घेऊ?

सुदामानगरची_काकू :
नमस्कार मंडळी, एक विचारायचं होतं. येत्या ऑगस्टमधे आम्ही दोघं लेकीकडे जाऊन राहिलोय, इंदूरहून मुंबई आणि पुढे लंडन, म्हणजे मोठा टप्पा साडेनऊ-दहा तासांचा धरा. मागच्या खेपेला पार शेवटाकडच्या सीट मिळाल्या होत्या आणि तो सतत घूंऽऽऽ आवाज, असं डोकं उठलं की लेकीच्या घरी पोचून चहा घेतला तरी कानात तेच वाजत होतं. मी प्रवासात नाट्यसंगीत नाहीतर एखादा निवांत बडा ख्याल लावते झोप येईपर्यंत. तेव्हा मोबाइलबरोबर आलेले साधे इअरफोन होते, आवाज फुल केला तरी तानपुरा काही ऐकू येईना, नुसता गवई ओरडतोय आणि साथीला विमान.

आता जावई म्हणतात आई नॉइज कॅन्सलिंग घ्या. त्यांनी सांगितलेलं मॉडेल बघितलं, पंचवीस हजाराच्या पुढे! वर्षातून एकदा विमानात बसणार मी. माझं बजेट ७ हजार, फारच चांगलं असेल तर ८. चष्मा आहे, अंबाडा असतो, ब्लूटूथ जमतं पण रोज नवीन ॲप नको. आणि ऑनलाइन बघायला गेलं तर १२०० रुपयांपासून सगळ्यांवर नॉइज कॅन्सलेशन लिहिलेलंच आहे, मग १२०० वाला का नको? अजून एक भाबडा प्रश्न, हसू नका. हे यंत्र घूं आवाज खाऊन टाकतं म्हणतात, मग तानपुरापण खाईल का? तोही घूंच की.

जेलरोडवाला :
काकू, १२०० वाल्याच्या डब्यावर चष्मा लावून वाचा, बहुतेक करून ईएनसी लिहिलेलं असेल, एएनसी (ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, जावई म्हणतात ते) नाही. एका अक्षराचा खेळ आहे पण अख्खा माल बदलतो. ईएनसी तुमच्या माइकसाठी असतं, म्हणजे तुम्ही राजवाड्यावर उभं राहून फोनवर बोलताय तर पलीकडच्याला रिक्षांचे हॉर्न कमी ऐकू जावेत म्हणून. तुमच्या कानाला त्याचा शून्य उपयोग. मी स्वतः फसलोय भिया, पुण्याला जायचं होतं म्हणून घाईघाईत एक घेतला, विमानात बसलो, बटण दाबून दाबून बोट दुखलं, काही फरक नाही, मला वाटलं पीसच खराब आहे. परत आल्यावर डबा बघितला तर ई! परत पण घेईनात, म्हणे फीचर तर चालू आहे ना साहेब.

दुसरं, आवाज किती कमी होतो ते सांगायला डब्यावर ३५ डीबी (डेसिबल), ४५ डीबी असे आकडे असतात त्यांच्यामागे पागल होऊ नका, त्याच्याआधी 'अपटू' लिहिलेलं असतं बारीक अक्षरात. घ्यायचं तर एकदा डॉलर मार्केटला नाहीतर एखाद्या मॉलमधल्या मोठ्या दुकानात कानाला लावून बघा. पण दुकानदार लगेच गाणं लावतो, ते लावू देऊ नका. गाणं लागलं की सगळेच हेडफोन चांगले वाटतात. गाणं बंद, एसीच्या खाली नाहीतर मोठ्या पंख्याजवळ उभं राहायचं, एएनसी चालू-बंद, चालू-बंद करायचं. चालू केल्यावर पंखा कोणीतरी खोलीबाहेर उचलून नेल्यासारखा वाटला पाहिजे. नाही वाटला तर पोहे-जलेबी खाऊन घरी या.

माइकवाला_काका :
तानपुऱ्याचा प्रश्न अजिबात भाबडा नाही, मला तर फार आवडला. मी हौशी नाटकांना साउंड करतो, त्यातलाच एक किस्सा सांगतो म्हणजे कळेल. एकदा एका हॉलमधे गायिकेसमोर दोन माइक शेजारी शेजारी लावले आणि त्यातल्या एका केबलची जोडणी कोणीतरी उलटी केलेली होती. बाई गायला लागल्या आणि आवाज एकदम पातळ, जीव गेल्यासारखा. एक माइक म्हणतोय लाट वर, दुसरा म्हणतोय लाट खाली, दोन्ही मिळून बेरीज जवळपास शून्य. तिथे माझी फजिती झाली, पण एएनसी मुद्दाम हेच करतं. बाहेरच्या बारक्या माइकने इंजिनाचा आवाज पकडायचा, त्याची उलटी लाट बनवायची आणि कानात सोडायची. कपच्या आतसुद्धा माइक असतो बऱ्याच हेडफोनांत, त्याला तुमचा तानपुरा ऐकू येतो, पण तो आपणच वाजवतोय हे सर्किटला माहीत असतं त्यामुळे ते तेवढं वजा करून उरलेल्याचाच बंदोबस्त करतं. म्हणजे काकू, तुमचा तानपुरा सुखरूप.

उलट मागच्या वेळी तो का गेला ते बघा. पुरुष गवयाच्या तानपुऱ्याचा खर्ज ७० हर्ट्झच्या आसपास, आणि केबिनमधली घरघर नेमकी त्याच खालच्या पट्टीत पसरलेली. शिवाय हवेत असताना केबिनमधे ८० ते ८५ डेसिबल सहज असतो. त्यावर मात करायला आपण मोबाइल फुल करतो आणि दहा तास तो मारा कानावर, मग कान वाजणार नाहीत तर काय. माझ्या मते एएनसीचा खरा फायदा हा आहे, आवाज निम्म्यावर ठेवूनसुद्धा सगळं ऐकू येतं.

पण त्याच्या मर्यादा ऐकून घ्या. एकसारखा, खालचा आवाज जातो, साधारण हजार हर्ट्झच्या आतला. बाळाचं रडणं, मागच्या रांगेतल्या गप्पा, ट्रॉलीची खणखण हे एएनसीने फारसं जात नाही, ते अडवायचं काम गादीचं. म्हणून कानाभोवती गादी घट्ट बसणं महत्त्वाचं, आणि तिथे तुमचा चष्मा आडवा येतो. काडीमुळे फट पडते आणि त्या फटीतून नेमका खालचाच आवाज आत शिरतो. जाड काडीचा चष्मा असेल तर बारीक काडीचा घालून जा, फरक पडतो.

जाता जाता, या सगळ्याची सुरुवातच विमानात झाली आहे असं म्हणायला हरकत नाही. उलट्या लाटेच्या कल्पनेचं पेटंट १९३६ चं, पण १९७८ मधे अमर बोस, म्हणजे बोस कंपनीवाले, वडील बंगालचे, झुरिकहून अमेरिकेला परत जात होते, विमानात मिळालेले हेडफोन लावले तर इंजिनापुढे गाण्याचं काहीच कळेना, तेव्हा तिथेच कागद काढून गणित मांडायला बसले. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं आणि तुमच्या-आमच्यासाठीचा तर २००० मधे आला. थोडक्यात तुमची तक्रार आणि त्यांची तक्रार एकच.

रामबागेतली_सूनबाई :
सगळं खरं काका पण वर्षातून एकदा जाणाऱ्या माणसाला ७ हजार घालवायला लावताय! केमिस्टकडे फोमचे इअरप्लग मिळतात, पन्नास-शंभर रुपयांत काम. बोटांत वळून बारीक करायचे, कान वरून जरा मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. लोक नुसते टोकाला अडकवतात आणि म्हणतात चालत नाहीत. मी दोन लहान मुलं घेऊन फिरते, माझी झोप त्यावरच होते.

माइकवाला_काका :
झोपेसाठी सूनबाईंचं शंभर टक्के मान्य, वरचे आवाज तर फोम एएनसीपेक्षा चांगले अडवतो. पण काकूंना ख्याल ऐकायचाय हो, बोळा घालून ख्याल कसा ऐकणार?

रामबागेतली_सूनबाई :
बोळा घालून त्याच्यावर हेडफोन घालायचा, मी करते 😄 पण बरोबर आहे, तानपुरा नाही ऐकू येत, कार्टूनचे डायलॉग येतात तेवढे.

उडनखटोला :
कामामुळे महिन्यातून तीन-चार वेळा उडतो म्हणून थोडं प्रॅक्टिकल सांगतो. कानात घालायचे बड्स नको काकू, २-३ हजारात बरे एएनसीवाले मिळतात पण एका चार्जवर एएनसी चालू ठेवून पाच-सहा तास जातात, मधेच डबीत घालून चार्ज करत बसा, आणि अंधारात एक सीटखाली पडला की एअर होस्टेसला टॉर्च मारायला लावा. तुमच्यासाठी कानावरून बसणारा मोठाच बरा. तुमच्या बजेटजवळ मला दोन पटतात. एक जेबीएल ट्यून ७७०एनसी, एएनसी लावून ४४ तास सांगतात आणि घडी होते. दुसरा सोनी डब्ल्यूएच-सीएच७२०एन, ३५ तास, घडी होत नाही पण वजन फक्त १९२ ग्रॅम, चष्मेवाल्यांना हे फार महत्त्वाचं, जड असला की तीन तासांनी काडी कानामागे रुतायला लागते. सोनी तुमच्या बजेटच्या थोडा वर जातो, सेल लागेपर्यंत थांबा, ऑगस्टला वेळ आहे. पंचवीस हजारवाला जास्त शांत करतो यात वाद नाही, मी ऑफिसच्या मित्राचा लावून बघितलाय, पण तिप्पट पैसे म्हणजे तिप्पट शांतता असं काही नाही.

वायर लावायची सोय आहे ना हे जरूर बघा आणि वायर डब्यात आहे का तेही, नसेल तर वेगळी घ्या. समोरच्या स्क्रीनला ब्लूटूथ सगळ्या विमानांत नसतं, आणि काही जुन्या सीटना दोन पिनांचं भोक असतं, त्याचा जोड जेल रोडला शंभर-दीडशेत मिळेल. ख्याल मात्र मोबाइलमधे आधी उतरवून ठेवा, वर गेल्यावर नेट नाही म्हणून किती जणांचे चेहरे पडलेले बघितलेत मी. फ्लाइट मोड टाकून ब्लूटूथ परत चालू केलं तर चालतं. आणि हेडफोन, पॉवर बँक हातातल्या बॅगेत, पॉवर बँक तर चेक-इनमधे टाकूच देत नाहीत.

सीटचं पण बघा. मोठ्या जेटमधे इंजिन पंखाखाली असतं, त्यामुळे पंखाच्या पुढे शांत आणि शेपटीकडे घरघर, तुमच्या मागच्या वेळच्या सीट त्यातल्याच. छोट्या एटीआर विमानात उलटं, त्याचे पंखे पुढच्या भागाजवळ फिरतात म्हणून तिथे मागची सीट बरी. वेब चेक-इन उघडल्याबरोबर बसा, हा उपाय फुकट आहे.

सुदामानगरची_काकू :
बाप रे, केवढं शिकवलंत! अजून दोनच शंका. विमान उतरताना माझे कान फार दुखतात, ते थांबेल का? आणि अंबाडा?

जेलरोडवाला :
अंबाडा सोडा आणि वेणी घाला काकू, नाहीतर मान पुढे ढकलली जाईल, माझ्या आईचा अनुभव.

उडनखटोला :
कान दुखणं हवेच्या दाबाचं, आवाजाचं नाही, त्याला एएनसी काही करत नाही. उतरायला सुरुवात झाली की एखादी गोड गोळी चघळा, आवंढा गिळत राहा, आणि त्या वेळी झोपू नका कारण झोपेत आपण गिळतच नाही फारसं. सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आणि हो, एएनसी चालू केल्या केल्या काही जणांना कान दडपल्यासारखं वाटतं, गाणं नसलं तर जास्तच. म्हणून विमानातच पहिल्यांदा लावू नका, घरी आठ दिवस वापरून बघा, नाही जमलं तर परत करायची मुदत हातात असते.

सुदामानगरची_काकू :
मंडळी, घेतला बरं का! आधी यांच्याबरोबर दुकानात गेले, जेलरोडवाल्यांनी सांगितलं तसं गाणं नको म्हटलं तर तो मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. एसीखाली उभं राहून तीन लावून बघितले. एकाने काहीच फरक नाही, डबा वाचला तर ई 😀 मग सोनीवाला लावला आणि एसी खरंच कोणीतरी बाहेर नेला. दुकानात भाव जास्त होता, घरी येऊन सेलमधे ७९९० ला मागवला, वायर वेगळी घेतली. चष्मा जुना बारीक काडीचा काढलाय.

काल स्वयंपाकघरात परीक्षा घेतली. चिमणीचा पंखा फुलवर टाकला, हेडफोन लावला, ख्याल निम्म्या आवाजावर. पंखा गेला, म्हणजे अगदी गेला नाही, लांब कुठेतरी सुसू करतोय एवढंच. कुकरची शिट्टी मात्र ऐकू आली, काका म्हणालेच होते. आणि मग मागे तानपुरा, खर्जाची तार सुद्धा, छेडल्यावर ती कशी हळूहळू उलगडत जाते ते सगळं. मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले, तीन शिट्ट्यांऐवजी सहा झाल्या आणि वरणाचा पार लगदा झाला.

यांनी विचारलंय की शेजारच्या सीटवर कोणी घोरत असेल तर ते जाईल का. खरं तर हा प्रश्न मी विचारायला हवा होता.

माइकवाला_काका :
घोरणं खालच्या पट्टीतलं पण एकसारखं नाही, मधे मधे थांबून नव्याने उसळतं, त्यामुळे अर्धमुर्धं जाईल. सूनबाईंचे बोळे पण पर्समधे ठेवा.