अनुभव धागा : जुनी स्पोर्ट्स बाईक आणि खान्देशातले रोजचे रस्ते

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतोय. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात हिरो होंडाची करिझ्मा आणि सीबीझेड, यामाहाची जुनी आर१५, बजाजची पल्सर २२०, राजदूत ३५० अशा गाड्या अजून रोज चालवणारे लोक आहेत, एमएच १८, १९, ३९ चे पुसट झालेले नंबर घेऊन कामावर जातात, शेतात जातात, पोरांना क्लासला सोडतात. त्यांनी इथं लिहावं. कव्हर घालून पोर्चमध्ये ठेवलेल्या गाड्यांबद्दल नको, ज्या चालतात त्यांच्याबद्दल हवंय. उन्हाळ्यात काय होतं, पार्ट कुठून आणता, घाटात कशी वागते, घरचे काय म्हणतात, सगळं चालेल.

सुरुवात मी करतो. माझी करिझ्मा २००६ ची, जळगावला असते. २००३ ला ही गाडी आली तेव्हा आपल्याकडे १०० सीसीच्या गाडीवर तिघं बसून लग्नाला जायचे, आणि त्यात ही २२३ सीसी, सतराच्या आसपास बीएचपी म्हणजे इंजिनची ताकद, पुढे अर्धं फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं प्लास्टिकचं कवच. आजच्या पोरांना सतरा बीएचपी काहीच वाटत नाही, पण तेव्हा ती आपल्या रस्त्यावरची मोठी गाडी होती आणि मला विचाराल तर अजूनही लांबच्या रस्त्याला तिच्याइतकी शांत गाडी कमी आहे. जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर, पाळधी, एरंडोल, पारोळा करत टॉप गिअरला ऐंशीवर ठेवली की इंजिनला काही त्रास नाही, पाठीला नाही, आणि पंधरा लिटरची टाकी असल्याने पंपाकडे बघावं लागत नाही. पूर्वीचा नॅशनल हायवे ६, आता ५३ म्हणतात, तो चौपदरी झाल्यापासून गाडी धावते जास्त, पण धोका वेगळा झाला, गावाजवळ उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर आणि टू व्हीलर. म्हणून मी गाव आलं की डावी लेन सोडून थोडं आत येतो आणि दोन बोटं ब्रेकवर ठेवतो, ही सवय अगदी हाडात गेलीय.

एक सांगतो, जुनी गाडी रोज चालवली तरच नीट राहते असं माझं ठाम मत आहे. उभी राहिलेल्या गाडीचे सील सुकतात, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसतो, बॅटरी मरते, टाकीत गंज धरतो. चालवा. आता तुम्ही लिहा.

भुसावळहून, आर१५ पहिलं व्हर्जन

धागा काढल्याबद्दल आभार दादा. मी शिक्षिका आहे, गाडी २०१० ची, भावाने घेतलेली, तो पुण्याला गेला तेव्हा बाबा विकायला निघाले होते, मी म्हटलं मला द्या. भुसावळ ते जळगाव रोजचं जाणं येणं आहे.

आधी उन्हाचं लिहिते कारण बाहेरच्या लोकांना आमचा मे महिना कळत नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, दुपारी दोनला रस्त्यावरून जी हवा येते ती गारवा देतच नाही, उलट भाजते. २००८ ला ही गाडी आली तेव्हा दीडशे सीसीत लिक्विड कूलिंग, म्हणजे आत द्रव फिरवून इंजिन थंड ठेवणं, ही आपल्याकडे नवलाई होती, आणि भुसावळच्या उन्हात त्याची किंमत समजते. पण त्यासाठी रेडिएटर जिवंत पाहिजे. आमच्याकडे लोक सरळ नळाचं पाणी भरतात. आपलं पाणी जड, आत क्षार बसतात आणि बारीक नळ्या बुजतात. कूलंटच भरायचं, आणि उन्हाळा लागायच्या आधी पंखा सुरू होतोय का ते बघायचं, गाडी उभी ठेवून चालू ठेवली की गरम झाल्यावर पंखा आपोआप लागला पाहिजे. कापसाच्या दिवसात जिनिंगच्या बाजूने जाणं असेल तर रेडिएटरच्या जाळीत रुई अडकते, ती मऊ ब्रशने काढायची, पाण्याचा जोरात फवारा मारला तर पातळ पत्र्या वाकतात.

बसायच्या पद्धतीबद्दल. हँडल खाली आहे, पहिला महिना मनगटं दुखतात हे खरं आहे, मग कळतं की वजन हातावर द्यायचंच नाही, गुडघ्यांनी टाकी धरायची आणि पोट थोडं ताठ ठेवायचं. ट्रॅफिकमध्ये तरी त्रास होतोच, स्पीडब्रेकरच्या रांगा असलेल्या गावातून जाताना तर जास्तच. ओढणी घेऊन ही गाडी चालवायची नाही, चेन उघडी आहे. मी जॅकेट आणि हेल्मेटच्या आत सुती रुमाल बांधते.

लोक बघतात. पंपावर काका विचारतात, "ताई, ही गाडी तुमचीच ना?" मी हो म्हणते, मग पुढचा प्रश्न अ‍ॅव्हरेजचा. चाळीसच्या वर देते. शाळेतली मुलं मात्र गाडीचा नंबर पाठ करून बसलीत, आणि आठवीतल्या एका मुलीने मला सांगितलं की तिला मोठी झाल्यावर इंजिनचं शिक्षण घ्यायचंय. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

शहादा तालुका, पल्सर २२०

राम राम. आपली २०१० ची, कार्ब्युरेटरवाली. २००७ ला पहिली आली ती फ्युएल इंजेक्शनची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल सोडणारी होती, मग २००९ ला कार्ब्युरेटरची आली. आपल्या खेड्यात कार्ब्युरेटरवालीच बरी, बिघडली तर शहाद्यात कोणीही उघडू शकतो.

शेतकरी माणूस आहे मी, ऊस आणि केळी. गाडी शेतात नेतो पण बांधापर्यंतच, काळ्या मातीत नेत नाही. ज्यांनी काळी माती पाहिली नाही त्यांना सांगतो, एक सर आली की ती टायरला चिकटते, मडगार्ड आणि टायरच्या मध्ये ठासून भरते आणि चाक फिरायचं थांबतं. स्पोर्ट गाडीचं पुढचं मडगार्ड टायरला अगदी लागून असतं म्हणून हिला लवकर होतं. आणि ती माती ट्रॅक्टर डांबरावर आणून टाकतात, सुकलेली असते तोवर नुसती धूळ, वरून पाऊस भुरभुरला की साबण. पावसाच्या पहिल्या आठवड्यात मी वळणावर पुढचा डिस्क ब्रेक लावतच नाही, आधी सरळ रेषेत वेग कमी करतो, मग वळतो.

तोरणमाळला जाणं होतं, नवस असतो, पाहुणे आले की यशवंत तलाव दाखवावा लागतो. घाट चढायला काही नाही, गाडीत ताकद आहे. उतरताना लोक न्यूट्रल करतात, पेट्रोल वाचवतात म्हणे. असं करू नका भो. दुसऱ्या तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि डिस्क तापत नाही. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापला की आतलं ऑइल उकळतं, मग लिव्हर हँडलला टेकतो आणि गाडी थांबत नाही.

रात्रीचं एकच. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या उभ्या असतात, मागे रिफ्लेक्टर नाही काही नाही. या गाडीचा प्रोजेक्टर लाईट चांगला आहे, तरी समोरून ट्रक आला की डोळ्यासमोर दोन सेकंद काळोख असतो आणि ट्रॉली नेमकी तिथंच असते. डिसेंबर ते मार्च मी रात्री पन्नासच्या वर जात नाही. सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे बघायला गेलो तरी उजेडात परत फिरतो.

धुळे

माझी होंडाची सीबीआर २५० होती, २०१२ ची. गाडीत दोष नव्हता, लळिंगपर्यंत पहाटे गेलो की दिवस चांगला जायचा. पण मुलगी झाली, बायकोला मागच्या उंच सीटवर बाळ घेऊन बसवेना, आणि अवधान एमआयडीसीच्या शिफ्टला गाडी उन्हात दिवसभर तापायची. विकली. स्कूटर घेतली. ज्यांना जमतंय त्यांनी जरूर चालवा, पण घरात एकच गाडी असेल तर ती ही नको, एवढंच सांगायचं होतं.

रावेरकडून, राजदूत ३५०

बाकीच्यांच्या गाड्या माझ्या गाडीपुढे लेकरं आहेत :) १९८५ ची, काकांची. एस्कॉर्ट्सने १९८३ ला यामाहाची आरडी ३५० आपल्याकडे बनवायला सुरुवात केली, ३४७ सीसी, दोन सिलेंडर, टू स्ट्रोक, सहा गिअर. आधीची जास्त ताकदीची, तिला एचटी म्हणतात, तीस बीएचपीच्या वर, आणि नंतर अ‍ॅव्हरेजसाठी ताकद कमी केलेली एलटी. काकांची एलटी आहे. त्या काळी आमच्या भागात केळीचा पैसा नुकता दिसायला लागला होता आणि काका बुऱ्हाणपूरला पिक्चर बघायला या गाडीवर जायचे, घरात आजी ओरडायची, तरी जायचे. काका गेले, काकूंनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या उभी ठेवू नको, त्यांना आवडणार नाही.

म्हणून चालवतो. रोज संध्याकाळी शेतापर्यंत आणि रविवारी सावदा, फैजपूर, यावल. बुऱ्हाणपूर अंकलेश्वर रस्ता आहे आमचा, दोन्हीकडे केळी, पाणी सोडलेलं असेल तर अंगाला गार लागतं, टू स्ट्रोकला तीच हवा मानवते.

हिची खरी गोष्ट ब्रेकची आहे. पळायला ती आजही तरुण पोरांना मागे टाकेल पण पुढे मागे दोन्हीकडे ड्रमच आहेत. आज डिस्कची सवय असलेला माणूस हिच्यावर बसला तर घाबरेल. मी पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवतो, केळीचा ट्रक समोर असेल तर तिप्पट. दुसरं, हिला ऑइलचा वेगळा पंप आहे, तो थ्रॉटलच्या केबलला जोडलेला, जेवढं अ‍ॅक्सिलरेटर तेवढं ऑइल. म्हणजे लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी पळत राहिली तर इंजिन फिरतंय जोरात आणि ऑइल येतंय थेंबभर. पिस्टन पकडायला, म्हणजे आत जाम व्हायला, तेवढं पुरतं. म्हणून उतारावर मधून मधून हलकं अ‍ॅक्सिलरेटर द्यायचं किंवा क्लच दाबायचा. काकांनी मला हे पोरपणी शिकवलं होतं, कारण काही सांगितलं नव्हतं.

दोन कार्ब्युरेटर एकसारखे उघडले पाहिजेत, नाहीतर एक सिलेंडर काम करतो आणि दुसरा नुसता सोबत जातो. आमच्याकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत ते सायलेन्सरच्या दोन्ही तोंडाशी तळहात धरून फरक सांगतात. पार्ट दुकानात मिळत नाहीत, बुश लेथवर बनवून घेतो, पिस्टन ओळखीतून मागवतो आणि वाट बघतो. मागच्या महिन्यात चौकात एक आबा थांबले, अहिराणीत म्हणाले, "हाई गाडी आते कोठे दिखत नही भाऊ," आणि टाकीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. घाई असली तरी अशा वेळी मी निघत नाही.

चाळीसगाव, गॅरेज आहे माझं

सगळ्यांचं वाचलं, छान वाटलं. रावेरच्या दादांची ऑइलची गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे. मी स्वतः सीबीझेड चालवतो, पहिली १९९९ वाली, १५६ सीसी. कन्नडचा घाट, म्हणजे औट्रम, अवजड गाड्या बंद झाल्यापासून त्यावर गाडी चालवायला मजा येते. गिऱ्हाईकांना जे रोज सांगतो ते इथं लिहितो.

पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं आणि ह्या गाड्या त्या काळी त्यासाठी बनलेल्याच नव्हत्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुने रबर फुगवतं किंवा कडक करतं. म्हणून माझ्याकडे जुनी गाडी आली की मी पेट्रोलचा पाईप, कॉकचं वॉशर आणि कार्ब्युरेटरचे ओ-रिंग आधी बदलतो, खर्च फार नाही. गाडी दोन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका.

टायर. नक्षी छान दिसते म्हणून लोक दहा वर्षं जुना टायर चालवतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात रबर लवकर कडक होतं, बारीक भेगा दिसल्या की बदला, ओल्या घाटात तो पकडत नाही.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, तेही हवेतलं पाणी पितं, आणि शहाद्याच्या भाऊंनी लिहिलं ना उकळतं म्हणून, ते जुनं ऑइल लवकर उकळतं. समोरून खडखड येत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, बघा, आमच्या खड्ड्यांनी तो सगळ्यात आधी जातो.

कागद. १५ वर्षं झाली की आरसी पुन्हा करावी लागते, आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांची मिळते, पर्यावरण कर वेगळा. २० वर्षांच्या पुढच्या टू व्हीलरची नूतनीकरणाची फी २०२५ ला २००० रुपये झालीय. मुदत संपायच्या आधी जा. नवी हाय सिक्युरिटीवाली नंबर प्लेट पण लावून घ्या, २०१९ च्या एप्रिलआधीच्या सगळ्या गाड्यांना लागते. आणि फटाके फोडणारा सायलेन्सर घेऊन माझ्याकडे येऊ नका, मी बसवत नाही. गावात म्हातारी माणसं आहेत, दवाखाने आहेत.

नंदुरबारहून एक प्रश्न

सगळ्यांना धन्यवाद. मी २२ वर्षांचा आहे, करिझ्मा बघून राहिलोय, २००८ ची, मालक पंचेचाळीस हजार सांगतोय. गाडी चकाचक आहे, नवा रंग मारलाय. काय बघू?

जळगाव (धागा काढणारा)

नवा रंग असेल तर दोनदा बघ मित्रा. सकाळी जा आणि त्याला आधीच सांग की गाडी सुरू करून ठेवू नको, थंड इंजिन कसं सुरू होतं ते बघायचंय. सुरू झाल्यावर टायमिंग चेनची, म्हणजे इंजिनच्या आतल्या साखळीची, करकर पहिल्या मिनिटानंतर थांबते का ते ऐक. चेसिस नंबर आरसीशी जुळव, बँकेचा बोजा उतरलाय का बघ. फेअरिंगचे प्लास्टिक तुटलेले असतील तर ते मिळवणं इंजिनपेक्षा कठीण आहे.

चाळीसगाव, गॅरेज

आणि टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मार. आतून लाल दिसली, म्हणजे गंज असला, तर पाच हजार कमी कर, नाही ऐकला तर सोडून दे, आपल्याकडे अजून बऱ्याच निघतात. हँडल सरळ धरून मागून कोणाला तरी बघायला लाव, दोन्ही चाकं एका रेषेत नसतील तर फुकट दिली तरी घेऊ नको. घेतलीस की इकडे आण, कोनसेट आणि ब्रेक बघून देतो.

नंदुरबार

रविवारी सकाळी जातोय दादा. बाबांना पण सोबत नेतो.