डार्विन–काकाडू, एकट्याने, तंबू आणि १००-४०० घेऊन: जून की ऑगस्टअखेर?

पाणकावळा:
उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला उतरून भाड्याची साधी टू व्हील ड्राइव्ह घ्यायची, काकाडू राष्ट्रीय उद्यान गाठायचं, ९ रात्री तंबूत काढायच्या आणि मुख्यतः पाणथळीतले पक्षी आणि मगरी टिपायच्या, असा बेत आहे. सोबत कोणी नाही. १००-४०० लेन्स, एक जादा बॉडी, ट्रायपॉड. अडलेले प्रश्न असे: महिना कोणता, फोर बाय फोर (चारही चाकांना जोर असलेली गाडी) नसेल तर काय हुकेल, वीज नसलेल्या कॅम्पवर बॅटऱ्यांचं काय, आणि पाण्याजवळ जमिनीलगतचा अँगल कितपत शक्य आहे?

रानवाट:
शेवटचा प्रश्न आधी. जमिनीलगतचा अँगल विसरा. काठावर पोटावर झोपून कमळपक्षी डोळ्याच्या पातळीवर टिपायचा मोह तिथे जिवावर बेतू शकतो. खाऱ्या पाण्यातली मगर गुडघाभर गढूळ पाण्यातही दिसत नाही. रोज त्याच वेळी, त्याच जागी येणारा प्राणी ती हेरून ठेवते आणि ट्रायपॉड लावून तासभर उभा राहणारा माणूस त्यात चपखल बसतो. तंबू पाण्यापासून किमान ५० मीटर लांब हवा. काठावर भांडी घासायची नाहीत, मासे साफ करायचे नाहीत. पाटी नाही म्हणजे मगर नाही, असं समजू नका.

पाण्याच्या पातळीवरचा फोटो हवा असेल तर काकाडूतल्या कुईंडाहून निघणारी यलो वॉटर या पाणथळीतली बोट घ्या, सूर्योदयाची फेरी. दोन तासांत कमळपक्षी, मॅगपाय गूज, पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड आणि काठावर पहुडलेल्या मगरी सगळं मिळतं. जागा आधी बुक करा. बोटीत ट्रायपॉड निरुपयोगी, कारण इंजिनाची थरथर पायांतून थेट कॅमेऱ्यात येते. हातात धरा, शटर १/२००० आणि ऑटो आयएसओ. सकाळच्या तिरप्या उन्हात पांढरे बगळे पटकन जळतात, म्हणून एक्स्पोजर -०.७ वर ठेवून सुरुवात करा.

महिन्याबाबत: पक्ष्यांसाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. जूनमध्ये हवा सुखद असते, पण पूरमैदानांवर सगळीकडे पाणी पसरलेलं असतं आणि पक्षीही त्याबरोबर पांगलेले. पुढे पाणी आटत जातं तसे ते उरलेल्या बिलबाँगांवर (नदीपासून तुटलेल्या डोहांवर) गोळा होतात. काकाडूतल्या जबिरू गावापासून साधारण ३० किमी अलीकडे मामुकाला पाणथळीच्या लपणीसमोर (पक्षी बघायच्या आडोशासमोर) सप्टेंबर-ऑक्टोबरात मॅगपाय गूज हजारांनी असतात. किंमत मोजायची ती उन्हाची. दुपारी पारा ३५ च्या वर, आणि नऊ-दहानंतर तापलेल्या हवेच्या लाटांमुळे लांबचा एकही फोटो धारदार येत नाही. तो लेन्सचा दोष नव्हे, उगाच फोकस ॲडजस्ट करत बसू नका.

तंबूवाला:
वरच्याला +१. आता गाडी.

टू व्हील पुरते. अर्नहेम हायवे, काकाडू हायवे, उबिर, नोरलँजी (बुरुंगकुय) आणि कुईंडा सगळीकडे डांबर आहे. हुकतील ते जिम जिम आणि ट्विन फॉल्स हे धबधबे. तिथे पक्षी तसेही दुय्यम. भाड्याच्या करारात दोन कलमं नीट वाचा: कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का, आणि गावाबाहेर रात्री गाडी चालवायला परवानगी आहे का. बहुतेक करारांत दोन्हींना नकार असतो, आणि रात्रीबद्दलचा नकार रास्तच आहे. वॉलबी (छोटा कांगारू) अचानक उडी मारते, रानरेडा काळा असल्यामुळे हेडलाइटमध्ये अगदी शेवटी दिसतो. सूर्यास्ताचे फोटो उबिरच्या कड्यावरून घ्यायचे असतील तर मुक्काम जवळच्या मर्ल कॅम्पवर ठेवा, म्हणजे अंधारात जेमतेम काही किलोमीटर उरतात. मर्लला डास मात्र भयंकर. तंबूची आतली जाळी पूर्ण बंद होणारी हवी. वरचं कापड नाही लावलं तरी चालेल, कोरड्या ऋतूत पावसाचं भय नाही.

रोड ट्रेन (अनेक डबे जोडलेला ट्रक) ५३.५ मीटरपर्यंत लांब असते. ओव्हरटेक करायला किलोमीटरभर मोकळा रस्ता दिसला पाहिजे, नाहीतर मागे राहा. स्टुअर्ट हायवेवर काही पट्ट्यांत १३० ची मर्यादा आहे म्हणून १३० ने जायलाच हवं असं नाही.

मुक्काम: डार्विन १ (खरेदी), मर्ल २, यलो वॉटरजवळ मार्डुगल ३, पाइन क्रीक १, लेलिन (ईडिथ फॉल्स) १, लिचफील्ड १. पाइन क्रीकला सकाळी गावातल्या हिरवळींवर हूडेड पोपट शोधा. डार्विन ते जबिरू सुमारे २५० किमी, जबिरू ते पाइन क्रीक २०० च्या वर. जबिरूला टाकी भराच. काकाडूचा पास वेगळा आणि नॉर्दर्न टेरिटरीच्या (या प्रांताच्या) बाकी उद्यानांचा वेगळा. लेलिन आणि लिचफील्डच्या कॅम्पची जागा ऑनलाइन आधी बुक करावी लागते.

पिण्याचं पाणी दिवसाला ५ लिटर धरा आणि २० लिटरचा एक कॅन कायम भरलेला ठेवा. थंडपेटीत चुऱ्याऐवजी बर्फाची लादी टाका, जास्त टिकते.

पाणकावळा:
लपणी आणि बोट सोडून इतर वेळी मग टिपायचं कुठून? आणि बॅटऱ्या?

लेन्सकॅप:
गाडीतून. गाडी हीच लपणी. डार्विनहून तासाभरावर फॉग डॅमच्या बांधावर मगरींमुळे चालायलाच बंदी आहे, गाडीतूनच जायचं. पक्षी माणसाला बुजतात तितके गाडीला बुजत नाहीत.

बीनबॅग (लेन्स टेकवायची पिशवी) रिकामी न्या आणि डार्विनच्या सुपरमार्केटात २-३ किलो तांदूळ घेऊन भरा. घरून भरून नेली तर विमानतळावर जैवसुरक्षेची तपासणी आडवी येईल. तीन चतुर्थांश भरा: गच्च भरली तर लेन्स तिच्यावरून घरंगळते, कमी भरली तर लेन्स दाराच्या कडेला टेकते. खिडकी अर्धी खाली, बॅग काचेवर घोड्यासारखी बसवायची. इंजिन बंद. एसीही थांबण्याच्या दहा मिनिटं आधी बंद करा, कारण थंड आतली आणि तापलेली बाहेरची हवा खिडकीतच मिसळते आणि चित्र तिथेच मऊ होतं. अनेकांचे फोटो यामुळे बिघडतात आणि शिव्या ऑटोफोकसला पडतात.

तसंच डार्विनच्या एसी खोलीतून पहाटे कॅमेरा थेट दमट हवेत काढला की काचेवर धुकं धरतं. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास बाहेर राहू द्या.

बॅटऱ्या: सिगारेट सॉकेटमध्ये ६५ वॉटचा यूएसबी-सी चार्जर आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक (७४ वॉट-तास, विमानात हातातल्या सामानात चालते). बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद होताच सॉकेट मरतं, म्हणून चार्जिंग चालत्या गाडीत उरका. पॉवर बँक उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नका.

उबिरजवळचं केहिल्स क्रॉसिंग चुकवू नका, नदी ओलांडायची पाण्याखाली जाणारी फरशी आहे ती. भरती चढताना मुलेट मासे वर येतात आणि मगरी फरशीपाशी रांग लावतात. फक्त बघण्यासाठी बांधलेल्या मंचावरून टिपा. पाणी फरशीच्या कडेवरून पडतं तिथे आधीच फोकस धरून थांबा, ४०० पुरते. डार्विनचं भरतीचं वेळापत्रक इथे लागू नाही, केहिल्सचं वेगळं मिळतं. गाडी पलीकडे नेऊ नका: पलीकडच्या अर्नहेम लँड या आदिवासी प्रदेशासाठी नॉर्दर्न लँड कौन्सिलचा परवाना लागतो, आणि फरशीवरून गाड्या वाहून गेल्या आहेत.

रानवाट:
राहिलेलं: ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी (संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारं यंत्र) तिथेच भाड्याने घ्या, कॅम्पवर मोबाइलच्या भरवशावर राहू नका. जबिरूला टेल्स्ट्राचं मोबाइल नेटवर्क चालतं. बुटांचे तळ आणि तंबूच्या खुंट्या घासून धुवा, माती दिसली तर विमानतळावर अडवतात. अन्न काहीही असो, विमानातल्या प्रवेश-कार्डावर जाहीर करा.

आणि झाडाखाली तंबू लावण्याआधी वर बघा. पानं शिवून केलेलं घरटं दिसलं तर सरका. आपल्याकडची ओंबीलच (पानं शिवणारी चावरी मुंगी) आहे ती, फक्त तिथे पोट हिरवं.

पाणकावळा:
मर्ल, मार्डुगल पक्कं. ऑगस्टचा शेवटचा आठवडा बघतो.