फायरप्लेसपुढे घरीच बनवायचं कुंपण: आगीपासून किती लांब, किती उंच, कशाचं?

नवशिका_सुतार
लाकडं जाळायची उघडी फायरप्लेस आहे. तोंड १०० सेमी रुंद. पुढचा दगडी ओटा १५० सेमी लांब, भिंतीपासून ४५ सेमी पुढे आलेला आणि ३० सेमी उंच. भिंत विटांची, वर गिलावा. बाळ १० महिन्यांचं आहे, ओट्याला धरून उभं राहतं.
विचार असा आहे: पाइनच्या पट्ट्यांची चौकट, तिला कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, आणि हे सगळं ओट्याच्या कडेवर उभं करायचं. जिन्याच्या तयार गेटला असतात तसे दाबून बसणारे स्क्रू दोन्ही टोकांना. लाकडं टाकायला मध्ये दार. यात काय चुकतंय?

सळई_आणि_पाइप
जागा आणि सामान, दोन्ही.

आधी जागा. ओट्याच्या कडेवर लाकडी चौकट म्हणजे आगीपासून जेमतेम ४५ सेमी. जळू शकणारी कुठलीही वस्तू उघड्या आगीपासून निदान ९० सेमी लांब हवी. रोजच्या उष्णतेने लाकूड सुकत जातं आणि कालांतराने कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं, त्यामुळे 'महिनाभर काही झालं नाही' याला अर्थ नाही. शिवाय दाबाचे स्क्रू समोरासमोरच्या दोन भिंतींत चालतात. इथे ते टेकणार कशाला?

कुंपण ओट्याबाहेर, जमिनीवर घ्या. समोरची लांबी १८० सेमी, दोन्ही बाजू ९० सेमी. ओटा पूर्ण आत जातो, त्याची टोकदार कडही आत जाते, आणि मोठ्या माणसाला उभं राहून लाकडं टाकायला ४५ सेमी जागा मिळते.

९० सेमीचे चार पल्ले करा: समोर दोन, बाजूला एकेक. चौकट २५ × २५ मिमी चौकोनी पाइपची, जाडी १.६ मिमी, उंची ७१० मिमी. खाली ४० मिमी फट ठेवली की एकूण ७५ सेमी होते. आत १२ मिमीच्या उभ्या सळ्या, पल्ल्याला १२. चौकटीतली मोकळी रुंदी ८५० मिमी, त्यातून सळ्यांचे १४४ वजा केले आणि १३ ने भागलं की फट ५४ मिमी येते. ४५ ते ६५ मिमीच्या मध्ये राहायचं: याहून रुंद असली तर धड शिरून डोकं अडकण्याची भीती, अरुंद असली तर हातपाय अडकतात. आडवी सळी एकही नको, ती शिडीच होते. जाळीचंही तेच, बाळाच्या पायाचा अंगठा त्यात बरोबर बसतो. आणि ७ ते १२ मिमीच्या भोकांत बोट अडकतं.

६ मीटरचे ३ पाइप आणि ६ सळ्या लागतील. सळीचे तुकडे ६६० मिमीचे, एका सळीतून ९ निघतात, पण कापताना मोजून घ्या, उरतं फार थोडं. सगळं मिळून ४० किलोच्या वर वजन होतं. चांगलंच आहे, बाळाला ढकलता येत नाही.

भिंतीत पकड: बाजूच्या पल्ल्यांना ५ मिमी जाड पट्टी वेल्ड करून प्रत्येकी ३ स्क्रू. गिलावा काही धरत नाही, म्हणून स्क्रू विटेत ५० मिमी तरी जायला हवा. ८ मिमीचा प्लग (भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) आणि ७० मिमीचा स्क्रू घ्या. भोक विटेच्या मध्यात, सांध्यात नाही, आणि प्लगपेक्षा १० मिमी खोल. धूळ फुंकून काढा. बहुतेक प्लग तिच्यामुळेच फिरतात. वीट पोकळ असेल तर ड्रिलचा हॅमर (ठोके मारणं) बंद ठेवून पाडा, नाहीतर आतला पडदा फुटतो. ओढ सर्वांत जास्त वरच्या स्क्रूवर येते, तो वरच्या टोकापासून ५ सेमीच्या आत ठेवा. आणि भोक पाडण्याआधी त्या पट्ट्यात वायर किंवा गॅसची नळी नाही ना, हे पाहा.

बिजागरी
वरचं सगळं पटलं, पण दाराबद्दल राहिलं. दार समोरच्या एका पल्ल्याचं करा, बिजागऱ्या कोपऱ्याकडे, कोपरा सर्वांत ताठ असतो. उघडायचं खोलीकडे, आगीकडे नाही: मूल धडकलं तर दार बंदच होतं. दाराचा पल्ला ८८० मिमीचा कापा, बिजागरी आणि कडीला जागा लागते. सळ्या १२ च, फट ५३ मिमी होईल.
कडी आतल्या बाजूला, वर, आणि दोन हालचालींची: उचला, मग सरकवा. साधी सरकती कडी दीड वर्षाचं मूल सहज उघडतं.
बिजागऱ्या स्प्रिंगच्या घ्या. लाकडं दोन्ही हातांत असताना दार लावायचं कोण लक्षात ठेवतं?

नवशिका_सुतार
समोरचा दुसरा, न उघडणारा पल्ला एकाच बाजूने धरलेला राहणार. तो हलेल ना? उंबरठ्यासारखी खालून पट्टी टाकू?

बिजागरी
हलणारच. पण उंबरठा नको, हातात पेटलेलं काही असताना त्याला अडखळणं सर्वांत वाईट. त्या पल्ल्याच्या मोकळ्या टोकाला उभा टॉवर बोल्ट (खाली सरकून जमिनीत बसणारी कडी) लावा, जमिनीत ४० मिमी खोल भोक. मग वरच्या पट्टीला ताणकाटा (ओढ मोजणारा स्प्रिंगचा काटा) अडकवून १५ किलोने आगीच्या दिशेने आणि उलट ओढून पाहा. बोटभर जरी सरकला तरी कोपऱ्यात तिरपी पट्टी वेल्ड करा.

राखाडी
तीन गोष्टी कोणी बोललं नाही.
रंग शिशाविरहित हवा, कारण वरची पट्टी बाळ चावणार. रंग वाळल्यावर एकदा मोठी आग करून, खिडक्या उघड्या ठेवून, वास जाऊ द्या. बाळ तेव्हा दुसरीकडे.
त्याच आगीला तासाभराने वरच्या पट्टीवर तळहात ठेवा. सहज ठेवता येत नसेल तर कुंपण १५ सेमी मागे घ्या. काळा रंग उष्णता जास्त शोषतो.
हे कुंपण ठिणग्या अडवत नाही, त्यासाठी तोंडाला बारीक धातूची जाळी वेगळी हवीच. आणि कुंपणावर कपडे वाळत घालू नका, मोह होतोच.

काचेची गॅस फायरप्लेस असणाऱ्यांनीही हे वाचावं: आग बंद केल्यावर काच थंड व्हायला तासभर लागू शकतो, आणि चालू असताना ती २०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ज्वाळा दिसत नाही म्हणून दार उघडं ठेवायचं नाही. लाकडाच्या राखेतले निखारे तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही जिवंत असतात. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घराबाहेर ठेवा, कुंपणाच्या आत नाही. चिमटा आणि काडेपेटीसुद्धा आत नको, बाळाला दार उघडायचं आणखी एक कारण मिळतं.

सळई_आणि_पाइप
उंचीबद्दल एक: ७५ सेमी साधारण २ वर्षांपर्यंत पुरते. शेजारी स्टूल, खेळण्यांची पेटी किंवा सोफ्याचा हात असेल तर त्याआधीच संपते. कुंपणापासून मीटरभर मोकळं ठेवा.